गोड बोलण्याची धास्ती

आईचा हॉस्पिटलमधला बिछाना दुपारपर्यंत रिकामा करून द्यायचा, या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. आई तर सकाळपासून तयार होऊन बसली होती. केस विंचरलेले, शाल खांद्यावर, मांडीवर पर्स. मधूनच ती पर्समध्ये हात घालून घराच्या किल्ल्या चाचपून बघत होती.

पण तिला न्यायचं कुठे, यावर तिच्या तीन मुलांची तीन मतं होती, आणि ती मतं अजून समोरासमोर आली नव्हती. या घरात तोंडावर कोणी कोणाला नाही म्हणत नसे. "बघू" म्हणायचं, फोन ठेवायचा आणि आपल्याला हवं ते करून मोकळं व्हायचं. आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिन्ही भावंडं रोज एकमेकांना "बघू" म्हणत होती. थोरल्या सुनेला, म्हणजे वहिनीला, तो शब्द ऐकला की आताशा धडकी भरायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या शब्दाने काय काय करून ठेवलं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आज ती कपड्यांची पिशवी घेऊन वॉर्डात पोचली, तर डिस्चार्जचं काम बघणाऱ्या मुलीने तिला दाराशीच गाठलं.

"आजींच्या घरच्या तुम्हीच ना? मग मला एकदाचं नक्की सांगा. एका सरांचा फोन आला, पेशंटला शुश्रूषा केंद्रात नेणार, तिथली नर्स भेटायला येतेय. मग एका मॅडमचा आला, फिजिओथेरपीच्या हॉस्पिटलची गाडी निघालीय. आणि खाली एक गृहस्थ घरी न्यायला टेम्पो घेऊन उभे आहेत."

"टेम्पो?"

"आत गादी टाकलीय म्हणाले."

वहिनीने कपाळाला हात लावला. "ते माझे धाकटे दीर."

"मग आजी जातायत कुठे?"

"तुम्हाला कळलं तर मलाही सांगा," वहिनी म्हणाली आणि व्हरांड्याच्या टोकाकडे निघाली. तिथून ताईचा आवाज येत होता.

ताईने उभं आयुष्य मुलांना पोहायला शिकवण्यात घालवलं होतं. तलावाच्या पलीकडच्या काठाला पोचेल असा आवाज तिने कमावला होता, आणि निवृत्त झाल्यावरही तो तिला लहान करता आला नव्हता. समोर बारक्या उभा होता. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, हाताखाली दोन सुतार कामाला आले, तरी तो बारक्याच.

"तिसऱ्या मजल्यावर? लिफ्ट नसलेल्या घरात? चढवणार कशी तिला?"

"खुर्चीत बसवून. कपाटं चढवतो आम्ही."

"आई कपाट आहे का?"

"कपाटापेक्षा हलकी आहे," बारक्या शांतपणे म्हणाला. "आणि काय कमी आहे घरात? हॉस्पिटलचा पलंग आणलाय भाड्याने. डोकं वर होतं, पाय वर होतात. रोज नर्स येणार, एक दिवसाआड व्यायामवाला येणार. रक्त तपासणारेसुद्धा घरी येतात हल्ली."

"तो पलंग तुमच्या त्या दारातून आत गेला?" वहिनीने विचारलं.

बारक्याने मान खाजवली. "दार काढलं."

"कुठलं दार, भावजी?"

"घराचं. चौकटीसकट. पलंग काही केल्या वळेना हो."

"म्हणजे आत्ता घराला दार नाही?"

"शेजारच्या मावशी बसल्यायत ना खुर्ची टाकून."

ताईने डोळे मिटून घेतले. पाण्यात उतरायला घाबरणाऱ्या मुलांसमोर ती असेच डोळे मिटून घ्यायची. ओरडण्याआधीचा तो शेवटचा धीर असायचा. "हे बघ. सर्जन काय म्हणाले, ते नीट ऐक. त्यांचं काम हाड बसवायचं, ते झालं. आता पाय चालता करायचं काम दुसऱ्या ठिकाणचं. तिथे दिवसातून दोनदा उभं करतात, जिना चढायला शिकवतात, कपडे कसे घालायचे, अंघोळ कशी करायची, सगळं. आणि हे आत्ताच व्हायला हवं. आत्ता ती पडून राहिली तर कायमची पडून राहील. कळतंय? त्यांनी दुपारपर्यंतच जागा धरून ठेवलीय. नाही गेलो तर दुसऱ्याला देतील."

"आणि आम्हाला आठवड्यातून एकदा भेटू देतील! त्यापेक्षा तुरुंग बरा."

तेवढ्यात फळांची भलीमोठी पिशवी घेऊन दादा आला. दादाचं रंगांचं दुकान होतं. तो कुठेही गेला, लग्नाला का होईना, की आधी भिंतीवरून हात फिरवायचा. आत्ताही त्याने येता येता व्हरांड्याच्या भिंतीला बोट लावून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"कसले वाद घालताय? मी सगळं बघून आलोय. अगं ताई, काय जागा आहे! भिंतीला कुठे पोपडा नाही. मागे बाग. कर्मचारी इतके हळू बोलतात, की वाटतं आपणच राहावं तिथे."

"तिथे तिच्या पायाचं काय करतात?"

"काळजी घेतात. खाणं-पिणं, औषधं, नर्स सतत जवळ. या वयात तिला कवायत कशाला हवीय?"

"बरोबर आहे दादाचं," बारक्या लगेच म्हणाला. "हिच्याकडे शिट्टी मारून उठवतील तिला."

"वा! म्हणजे तिला माझ्याकडे द्यायला तुझी हरकत नाही तर," दादा म्हणाला.

"तसं कुठे म्हटलं मी? घर सोडून परक्यांत ठेवायचं काही कारण नाही."

"निदान हा घरी तरी नेतोय तिला," ताई दादावर उलटली. आता बारक्या आणि ती एका बाजूला आले. पुढच्या वाक्याला ते पुन्हा फुटले. वहिनी पिशवी या हातातून त्या हातात घेत ऐकत होती. ताईचं बरोबर आहे हे तिला दिसत होतं; पण नवऱ्याच्या समोर नणंदेची बाजू घ्यायची म्हणजे संध्याकाळचं जेवण मुक्याने जेवायची तयारी हवी. तिने अजून ती केली नव्हती.

आत आईला यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती समोरच्या बाईकडे बघत होती.

ही बाई आली, तिने स्टूल ओढलं आणि चक्क बसली. या हॉस्पिटलात कोणी बसत नसे. रक्त घेणारा उभ्याने रक्त घ्यायचा, सर्जन उभ्याने यायचे आणि अर्धं वाक्य दाराबाहेर बोलायचे. फोटो एका मजल्यावर, लघवी तपासायची दुसऱ्या मजल्यावर, औषधं तळघरात. आईच्या तरुणपणी दोनच जागा होत्या. एक कोपऱ्यावरचा दवाखाना. तिथे डॉक्टर स्वतःच जीभ बघायचे, स्वतःच इंजेक्शन द्यायचे, आणि कंपाउंडर लाल औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवून द्यायचा. लहानपणी दादा ती पट्टी सोलून काढायचा, म्हणजे किती प्यायलो ते कळू नये. आणि दुसरं सरकारी मोठं इस्पितळ. तिथे कोणाला नेलं की गल्ली गप्प व्हायची.

"फार दुखतं का हो?" त्या बाईने विचारलं.

"हाड मोडलंय. दुखणारच."

"आमच्याकडे तुम्हाला दुखू देणार नाही आम्ही. त्याची काळजीच करू नका." तिने आईचा हात हातात घेतला. "मला एक सांगा, कोणाला भेटावंसं वाटतंय का? लांब राहणारं कोणी? किंवा कोणाशी काही बोलायचं राहून गेलंय?"

आईचा किल्ल्यांवरचा हात थांबला.

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"तुमचे मोठे चिरंजीव येऊन बघून गेलेत. ज्यांचा आजार बरा होण्यातला नाही, त्यांना त्रास होऊ नये, शांत वाटावं, म्हणून आहे आमचं घर. तुमच्याशी बोललेत ना ते?"

"नाही," आई म्हणाली.

बाईने मांडीवरची फाइल उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, परत पहिल्यावर आली. तिचा चेहरा बदलला. "मी एका मिनिटात आले हं," असं म्हणून ती जवळजवळ पळतच बाहेर गेली.

आईने ते पळणं पाहिलं आणि तिला सगळं लख्ख कळलं. कळणारच. हे नाटक तिनेच तर बसवलं होतं एकदा. नवऱ्याच्या छातीत काय निघालंय ते डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिनेच मुलांना स्वयंपाकघरात बोलावून बजावलं होतं: बाहेरच्या खोलीत कोणी रडायचं नाही आणि त्यांना कोणी काही सांगायचं नाही. कोणी सांगितलं नाही. दादा रोज फळं आणायचा. ताई हळू बोलायची. बारक्या न सांगता अंघोळ करायचा. ते घर एवढं शहाण्यासारखं वागलेलं कधी कोणी पाहिलं नव्हतं. नवऱ्याने एकदाच विचारलं होतं, "आज सगळे एवढे चांगले का वागतायत?" आणि आई म्हणाली होती, "चांगलेच आहेत ते."

व्हरांड्यात ती बाई दादासमोर उभी होती. हळू बोलण्याची सवय असल्यामुळे तिला रागावताना फार कष्ट पडत होते.

"त्यांना काही झालेलं नाहीये! खुबा मोडलाय फक्त!"

"हो. मी कुठे नाही म्हणतोय?" दादा म्हणाला.

"मग आमच्याकडे कशाला आलात? शुश्रूषा केंद्र पुढच्या इमारतीत आहे. आमची मागची इमारत. आम्ही शेवटच्या आजारातल्या लोकांना ठेवून घेतो. तुम्हाला मी विचारलं होतं, यापुढे मोठे उपचार हवेत का? तुम्ही म्हणालात, काही नको, आता फक्त शांतता हवी."

"मग शांतता हवीच होती!"

"अहो," वहिनीने विचारलं, "पण तुम्ही मागच्या इमारतीत गेलातच कसे?"

दादा भिंतीकडे बघायला लागला. "पुढच्या इमारतीला ओल होती."

बारक्याने तोंडावर हात धरला, पण तो हसत होता की काय, ते कळत नव्हतं.

"डॉक्टरांचे कागद बघितल्याशिवाय मी बोलायला नको होतं, ती माझी चूक," ती बाई म्हणाली. "पण आता बोलून झालंय. आत जा आणि त्यांना नीट सांगा. लगेच."

ते आत गेले. आणि घोडचूक केली ती इथे: सगळे गोड वागायला लागले.

"आई, अगं गैरसमज झाला," दादा म्हणाला आणि सफरचंद कापायला बसला. "ती बाई चुकून आली."

"बरं."

"तू अगदी ठणठणीत आहेस," बारक्या म्हणाला.

"बरं. टेम्पो आणलायस ना? मला घरी ने."

बारक्याचा चेहरा उजळला. त्याने ताईकडे विजयाने पाहिलं. मग आई पुढे म्हणाली, "व्यायामवाला नको, नर्स नको. उगाच पाय ओढायला लावू नका मला आता. माझ्या खाटेवर निजू द्या, झालं," आणि बारक्याचा चेहरा जसा उजळला होता तसाच विझला. सुताराला लाकूड आतून खचलेलं वरूनही कळतं. तो ताईच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"ताई, तू सांग तिला. तुझ्याकडेच जाऊ दे."

ताई आईजवळ वाकली. आयुष्यात पहिल्यांदा तिने आवाज लहान केला. "आई गं. तुला काहीही झालेलं नाहीये. फक्त थोडा व्यायाम करायचाय. माझी राणी आहेस ना तू?"

ताईचा तो मऊ आवाज आईने ऐकला. आतापर्यंत थोडी शंका होती, ती गेली.

बाहेरून एका तरुण डॉक्टरला धरून आणलं. त्याने फाइल उघडून दाखवली, रक्त चांगलं, हृदय चांगलं, फुप्फुसं चांगली. आईने त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं.

"यांच्या वडलांनाही डॉक्टरच सांगायचे," ती म्हणाली. "हवा बदलली की खोकला जाईल म्हणून. तुम्हीही गुणी मुलगा आहात. जा तुम्ही."

दारात फिजिओथेरपीच्या हॉस्पिटलचा गाडीवाला येऊन उभा राहिला. चाकाची खुर्ची त्याने सोबत आणली होती. "पेशंट तयार आहेत का? मला अजून एक जण घ्यायचाय."

"मी कुठेही जाणार नाही," आई म्हणाली आणि तिने शाल छातीशी घट्ट ओढून घेतली.

"आई, सफरचंद खा बघू," दादा म्हणाला. "सालं काढलीयत तुझ्यासाठी."

तेव्हा वहिनीचा बांध फुटला. आत्तापर्यंत ती पिशवी हातात धरूनच उभी होती. ती तिने धाडकन जमिनीवर टाकली.

"खड्ड्यात गेलं तुमचं सफरचंद! भिंती बघून आलात! आईला ठेवायची जागा बघायला गेलात आणि भिंती बघून आलात! डॉक्टर बघायचा नाही, बोर्ड वाचायचा नाही, ओल आहे का ते बघायचं!"

"अगं, हळू. वॉर्ड आहे."

"नाही बोलणार हळू! इतकी वर्षं हळूच बोलले!"

"वहिनी बरोबर बोलतेय," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज आपोआप पहिल्या जागी गेला. "तू ना दादा, लहानपणापासून अर्धंच ऐकतोस."

"आणि तू? तुला विचारून श्वास घ्यायचा का आम्ही? परस्पर गाडी बोलावलीस!"

"परस्पर? तू काय मला पत्रिका पाठवून गेला होतास?"

"निदान मी घराचं दार तरी काढलं नाही!"

"मला मध्ये घेऊ नका," बारक्या म्हणाला.

"तुला का नको घ्यायला? घरात चोर शिरले असतील आत्ता!"

"मावशी आहेत म्हटलं ना! आणि तू माझ्यावर ओरडूच नकोस, दादा. वडलांची आरामखुर्ची कुठे गेली, ते सांग आधी."

"ती न्यायला तूच टेम्पो पाठवलास, दुरुस्त करतो म्हणून!"

"मी नाही नेली!"

"तूच नेलीस!"

"खुर्ची ताईच्या माळ्यावर आहे," बिछान्यावरून आवाज आला.

तिघं थांबली. ताईचे कान लाल झाले.

"त्यांची आठवण म्हणून नेलीस, ठीक आहे," आई म्हणाली. "पण सांगायचं होतंस. इतकी वर्षं या दोघांना एकमेकांवर घसरू दिलंस."

"आई, मी सांगणारच होते..."

"कधी? मी मेल्यावर?"

"तू मरत नाहीयेस!" तिघंही एकदम ओरडली. पलीकडच्या बिछान्यावरची बाई दचकून उठून बसली आणि सिस्टर तरातरा आत आल्या.

"काय बाजार मांडलाय हा? सगळे बाहेर व्हा! पेशंटला त्रास होतोय!"

"राहू द्या, सिस्टर," आई म्हणाली. "होऊ द्या त्यांचं."

ती उशीला टेकून एकेकाकडे बघत होती. थोरला हातात सुरी आणि अर्धं सफरचंद घेऊन घामाघूम झालेला. ताईचा अंबाडा सुटलेला. बारक्या रडवेला. वडलांच्या आजारपणात या तिघांनी कधी एकमेकांना अरेला कारे म्हटलं नव्हतं. जाणाऱ्या माणसाच्या उशाशी कोणी खुर्चीवरून भांडत नाही. निदान ही तिघं तरी नाही. यांना नाटक येतं, पण एवढं येत नाही.

"नक्की?" तिने वहिनीला विचारलं. मुलांना नाही विचारलं.

"नक्की," वहिनी म्हणाली. ती अजून धापा टाकत होती. "खुबा मोडलाय. दुसरं काही नाही. पण आज नाही गेलात तर मग कुठेच जाणं होणार नाही तुमचं. खाटेवरच. आणि उरलेला जन्म या तिघांचं ऐकत पडावं लागेल तुम्हाला."

आईने क्षणभर विचार केला. हे मात्र खरंच भयंकर होतं.

"आणा ती खुर्ची," ती गाडीवाल्याला म्हणाली. मग तिने कामं वाटून दिली. दादाने मावशींना चहा नेऊन द्यायचा. बारक्याने दार बसवायचं आणि पलंग परत करायचा. जिन्याला दोन्ही बाजूंनी धरायला कठडा करायचा, तो मात्र ती घरी येण्याआधी. 

"मी येते तुझ्याबरोबर," ताई म्हणाली.

"तू नको. तू त्यांना व्यायाम शिकवायला लागशील. सूनबाई येईल."

फिजिओथेरपीच्या हॉस्पिटलात कोणी हळू बोलत नव्हतं. लांबलचक हॉल होता. एका बाजूला कोणी चमच्याने वाटीतले मणी उचलत होतं. एक म्हातारा दोन पायऱ्यांचा लाकडी जिना चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता. भिंतींचा रंग ठिकठिकाणी खरवडला होता. चाकांच्या खुर्च्या घासून घासून गेला असावा. वहिनीने तो पाहिला आणि नवऱ्याला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं.

"आजच उभं राहून बघू," थेरपिस्ट मुलगी म्हणाली आणि आईला दोन समांतर दांड्यांच्या मध्ये घेऊन गेली. कमरेला पट्टा बांधला. "दोन्ही हातांनी धरा. जोर हातांवर. घाई नाही हं आजी, जमेल तसं."

आईने दांड्या धरल्या. उठायचा प्रयत्न केला. अर्ध्यातून कळ आली ती थेट डोक्यापर्यंत, आणि ती मटकन खाली बसली. कपाळावर घाम आला.

"छान, छान," मुलगी म्हणाली. "खूप छान प्रयत्न केलात."

आईने मान वळवली. तिच्या डोळ्यांत पुन्हा सकाळचीच भीती होती. मागे वहिनी पर्स धरून उभी होती. लग्न होऊन आल्यापासून सासूसमोर तिने आवाज चढवला नव्हता. सकाळी चढवला तोही नवऱ्यावर. तिने पर्स खुर्चीवर ठेवली.

"छान काही नाही," वहिनी म्हणाली. "हातांवर जोर कुठे दिलात? सगळा भार त्या मोडक्या पायावर टाकलात. मघाशी ऐकलं नाही का तुम्ही, ती काय म्हणाली ते? उठा बघू. सगळा दिवस घेणार आहात का?"

थेरपिस्ट मुलगी तोंडात मारल्यासारखी वहिनीकडे बघत राहिली.

"माझ्यावर ओरडतेस?" आईने विचारलं.

"हो. उठा."

आईने दांड्या घट्ट धरल्या, दात आवळले, सुनेला तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली, आणि उभी राहिली.